बत्तिसाव्या हिश्शाचे ट्रॅक्टर

छंद कोणाला कोणता जडावा याचे शास्त्र अद्याप कोणी लिहिलेले नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी. आमच्या परिचयाचे एक ज्येष्ठ धर्मगुरू देशोदेशीच्या जपमाळा जमवीत असत आणि त्यांच्या छंदाचे सर्वत्र कौतुक होई. आम्ही ट्रॅक्टर जमवितो. खरे नव्हेत, त्यांच्या लहान, प्रमाणबद्ध प्रतिकृती. आजमितीस आमच्यापाशी असे चौदा ट्रॅक्टर आहेत आणि ज्यांच्या या प्रतिकृती आहेत, त्यांतील एकही आता कारखान्यात तयार होत नाही. जुने आणि त्यांतही चमत्कारिक घडणीचे असेच ट्रॅक्टर आम्हांस आवडतात. पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूने हे सांगावे याचे काहींना हसू येईल. त्यास आमची हरकत नाही. मात्र हसून झाल्यावर वाचकांनी थोडी वाट आमच्यासोबत चालावी, एवढी विनंती आहे.

प्रथम खेळणे आणि प्रतिकृती यांतील भेद सांगितला पाहिजे. खेळण्यातला ट्रॅक्टर ट्रॅक्टरसारखा दिसला की पुरे. प्रतिकृतीला माप असते. अमेरिकेत सोळाव्या हिश्शाची प्रतिकृती रूढ आहे, युरोपात बत्तिसाव्या हिश्शाची. त्याहून लहान म्हणजे त्रेचाळिसावा आणि आगगाडीच्या खेळांसोबत शोभणारा सत्त्याऐंशीवा हिस्सा. बत्तीस हा आकडा कोठून आला, याची हकीकत मोठी मौजेची आहे. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीचे शिशाचे सैनिक ५४ मिलिमीटर उंचीचे असत; उभ्या माणसाचा तो साधारण बत्तिसावा हिस्सा. पहिले महायुद्ध संपल्यावर मुलांच्या हाती सैनिक देण्यास आईबापांचे मन धजेना. तेव्हा त्याच कंपनीने त्याच मापाचे शेतकरी, गाई, मेंढ्या आणि नांगर ओढणारे घोडे बाजारात आणले, आणि पुढे त्याच मापाचे ट्रॅक्टर आले. यशया संदेष्ट्याच्या एका प्रसिद्ध वचनाची येथे वाचकांना आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

बत्तिसावा हिस्सा म्हणजे तीन मीटर लांबीचा ट्रॅक्टर तळहातावर मावेल असा साडेनऊ सेंटिमीटरचा होतो. परंतु लांबी बत्तिसाव्या हिश्शावर आली की वजन बत्तिसाव्या हिश्शावर थांबत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही घटत असल्यामुळे ते ३२,७६८ व्या हिश्शावर येते. ३,३०० किलोचा लोखंडी राक्षस हिशेबाने १०० ग्रॅमचा उरतो. हे गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल. आमच्या मनात मात्र ते एका निराळ्याच कारणाने घर करून राहिले आहे. ते कारण पुढे येईल.

या छंदाचा आरंभ २०११ साली बव्हेरियात झाला. जर्मनीतील धर्मगुरू उन्हाळ्यात रजेवर जातात, तेव्हा त्यांच्या जागी काही आठवडे सेवा करण्यासाठी आपल्याकडील पुष्कळ धर्मगुरू जातात, हे वाचकांना ठाऊक असेल. आमच्या वाट्यास एक शेतकरी गाव आले. तेथे पोहोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात निरोप आला की रविवारी मिस्सा चर्चमध्ये न होता गावाबाहेरच्या कुरणात होईल आणि मिस्सेनंतर आम्ही बुलडॉगना आशीर्वाद द्यावयाचा आहे. आम्ही कुत्र्यांची कल्पना करून बसलो होतो. चौकशीअंती समजले की बव्हेरियातील बोलीत ट्रॅक्टरमात्राला ‘बुलडॉग’ म्हणतात.

कुरणात साठ-सत्तर जुने ट्रॅक्टर ओळीने उभे होते. पुसून लख्ख केलेले, कोणाच्या नाकावर रानफुलांचा हार. त्या प्रदेशात ही प्रथा घोड्यांपासून आलेली आहे. संत लिओनार्ड हे तेथील गुराढोरांचे आणि घोड्यांचे आश्रयदाते. ६ नोव्हेंबर या त्यांच्या सणाला बाड ट्योल्झ येथे सजविलेल्या घोड्यांच्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते आणि घोड्यांना आशीर्वाद दिला जातो. घोडे शेतातून गेले, ट्रॅक्टर आले, आणि लोकांनी पवित्र जलाखाली ट्रॅक्टर आणून उभे केले. आम्हांस हे फार शहाणपणाचे वाटले. आमच्यापुढे पेच निराळाच होता. १९८४ च्या लॅटिन आशीर्वादग्रंथात वाहनांसाठी एक विधी आहे आणि कामाच्या साधनांसाठी दुसरा. ट्रॅक्टर हे वाहन की साधन? सेमिनरीत धर्मविधींचा अभ्यास करताना हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता. चर्चच्या सेवकाला विचारले, तेव्हा त्याने आभाळाकडे पाहून सांगितले, “जो लहान असेल तो घ्या, पाऊस येतो आहे.”

त्या ओळीच्या अग्रभागी लान्झ बुलडॉग होता, आणि त्याच्यावरूनच साऱ्या ट्रॅक्टरांना ते नाव पडले. मानहाइम शहरातील हाइनरिश लान्झ यांच्या कारखान्यात फ्रिट्झ हूबर नावाच्या अभियंत्याने तो घडविला आणि १९२१ साली तो लोकांपुढे आला. बारा अश्वशक्तीचे इंजिन, एकच सिलिंडर, तो आडवा बसविलेला. इंजिनाच्या तोंडाशी लोखंडाचा एक जाड फुगा असे. त्या चपट्या, चिडक्या तोंडामुळे बुलडॉग हे नाव. या इंजिनाला ठिणगी लागत नाही, विजेची तार नाही, बॅटरी नाही. तो फुगा ब्लोलॅम्पच्या ज्योतीने बाहेरून लाल होईस्तोवर तापवायचा. आत फवारलेले तेल त्या तप्त लोखंडावर पडून पेट घेते. एकदा इंजिन चालू लागले की फुगा आपल्याच उष्णतेने तापलेला राहतो. तेलही हलक्या प्रतीचे चाले. कच्चे तेल, दुसऱ्या यंत्रातून काढलेले काळे तेल, जे हाती येईल ते. गरीब शेतकऱ्याला आणखी काय हवे?

आणि आता त्याची सर्वांत विलक्षण गोष्ट. पुढे निघालेल्या बुलडॉगना सुरू करण्यासाठी निराळे हँडल नसे. चालक आपले स्टीअरिंगचे चाक दांड्यासकट उपसून काढी, ट्रॅक्टरच्या कुशीला असलेल्या अवजड फ्लायव्हीलच्या मधोमध खुपशी आणि त्याने इंजिनाला झोका देई. इंजिन धडधडू लागले की चाक तत्काळ काढून पुन्हा जागेवर बसवायचे. म्हणजे ज्या चाकाने दिशा द्यायची, त्यानेच प्राण फुंकायचे. जागेवर उभा असलेला बुलडॉग मंद गतीने चालू असला की सबंध अंगाने पुढेमागे डोलतो. दावणीला बांधलेला बैल डोलतो तसा. त्याचा आवाज ऐकलेला माणूस तो विसरत नाही.

पहिल्या बुलडॉगला मागे जाण्याचा गिअर नव्हता. मागे जायचे तर इंजिनच उलटे फिरवायचे! वेग इतका कमी करायचा की पिस्टन वरपर्यंत न पोचता परत फिरावा आणि इंजिन विरुद्ध दिशेने चालू लागावे. या घडणीच्या इंजिनांना दोन्ही दिशा सारख्याच. सुलटे फिरले काय आणि उलटे फिरले काय, धडधड तीच. पुढे रीतसर गिअर आले, तरी इंजिनाचा तो मूळ स्वभाव गेला नाही. १९५६ साली अमेरिकेच्या जॉन डिअर कंपनीने लान्झचा कारखाना घेतला आणि थोड्याच वर्षांत बुलडॉग बंद झाला. तोवर दोन लाखांहून अधिक बुलडॉग निघाले होते. पोलंडमध्ये, फ्रान्समध्ये, अर्जेंटिनात, ऑस्ट्रेलियातही त्याच्या नकला झाल्या.

त्या ओळीत एक निळा ट्रॅक्टर पाहून आम्हांस अचानक घरी आल्यासारखे वाटले. त्याच्या नाकावर ‘आयशर’ लिहिलेले होते. म्युनिकच्या पूर्वेकडील फोर्स्टर्न गावच्या आयशर बंधूंचा हा ट्रॅक्टर. पाण्याऐवजी वाऱ्याने थंड होणारे डिझेल इंजिन हे त्याचे वैशिष्ट्य. त्यांच्याच सहकार्याने १९५९ मध्ये फरीदाबाद येथे भारतात ट्रॅक्टर बांधणी सुरू झाली. बव्हेरियातील आयशरचे ट्रॅक्टर केव्हाच बंद पडले. भारतात मात्र ते नाव ट्रॅक्टरवरही टिकले आहे आणि मालमोटारींवरही. हे आम्ही तेथील मंडळींना सांगितले, तेव्हा त्यांना आमच्या प्रवचनापेक्षा अधिक आनंद झाला, असे आमचे निरीक्षण आहे.

आशीर्वाद आटोपल्यावर एक वृद्ध गृहस्थ आमच्यापाशी आले. वय पंच्याहत्तर. “हेर फारर, आपण खरे ट्रॅक्टर पाहिलेत, आता माझे पाहण्यास या,” असे म्हणाले. आम्ही त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणू लागलो होतो. त्यांच्या स्वयंपाकघरात एक काचेचे कपाट होते आणि त्यात चाळीसहून अधिक प्रतिकृती.

त्या कपाटाने आम्हांस ट्रॅक्टरांचा इतिहास शिकविला. त्यात अमेरिकेच्या मिनिॲपोलिस-मोलाइन कंपनीचा १९३८ सालचा पिवळा ‘कम्फर्टट्रॅक्टर’ होता. त्याला मोटारीसारखी बंद खोली, आत शेगडी, रेडिओ, सिगार पेटविण्याची सोय. दिवसा नांगरावे आणि संध्याकाळी पत्नीसह ताशी ४० मैलांच्या वेगाने गावात जावे, ही कल्पना. शेतकऱ्यांनी तो पाहिला, वाखाणला आणि घेतला नाही. जेमतेम दीडशे निघाले. ऊन, पाऊस आणि धूळ सोसल्यावाचून शेती होते हे त्या वेळच्या शेतकऱ्याला पटले नसावे. आज बंद खोलीवाचून मोठा ट्रॅक्टर विकला जात नाही.

दुसरा इंग्लंडमधील एसेक्सचा ‘डो ट्रिपल-डी’. तेथील चिकणमाती भारी, आणि १९५० च्या दशकात एवढी ताकद असलेला ट्रॅक्टर त्यांना मिळेना. एका शेतकऱ्याने दोन फोर्डसन घेतले, दोहोंची पुढची चाके काढून टाकली आणि एकामागे एक जोडून चार मोठ्या चाकांचा एकच ट्रॅक्टर केला. दोन इंजिने, दोन गिअरपेट्या, चालक एकच, तोही मागच्यावर बसलेला. अर्नेस्ट डो यांच्या पेढीने तो बांधून विकला आणि असे तीनशेवर निघाले. बैलजोडी जुंपण्याची युक्ती लोखंडात उतरली, एवढेच. तिसरी प्रतिकृती इवल्याशा करड्या फर्ग्युसनची, चाकांभोवती पट्टे चढविलेली. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी असेच तीन फर्ग्युसन घेऊन ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. शेतात नांगर ओढण्यासाठी जन्मलेले यंत्र! हे तीनही ट्रॅक्टर आम्ही पुढे निरनिराळ्या जुन्या बाजारांतून मिळविले.

आजोबांच्या कपाटात दुसऱ्या फळीवर मधोमध एक जागा रिकामी होती. तेथे धूळही नव्हती. रोज पुसली जात असावी. आम्ही विचारले नाही. त्यांनीच सांगितले. ही हकीकत आम्हांस पापनिवेदनाच्या जागी कळलेली नाही, हे येथे स्पष्ट करणे अगत्याचे आहे. स्वयंपाकघरात, त्यांच्या पत्नीसमोर आणि नातीसमोर ती सांगितली गेली, सारे गाव ती जाणून होते, आणि लिहिण्यास त्यांची संमती होती.

१९५२ चा सुगीचा हंगाम. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे, थोरले बंधू एकवीस. घरी अशाच तप्त फुग्याच्या इंजिनाचा ट्रॅक्टर होता. तो कोणत्या कारखान्याचा, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. तशी इंजिने त्या काळी अनेक कारखाने करीत असत. थोरला भाऊ गवताची गाडी जोडण्यासाठी मागे उभा होता. धाकट्याने झोका देऊन इंजिन सुरू केले, बैठकीवर चढला, पुढचा गिअर टाकला. इंजिन उलट्या दिशेने सुरू झाले होते. आवाजात काहीही फरक नव्हता. ट्रॅक्टर मागे गेला.

आजोबा एवढेच बोलले. मग त्यांच्या पत्नीने कॉफी ओतली आणि नातीने बाकीचे सांगितले. पुढे तीस वर्षे आजोबांनी त्याच ट्रॅक्टरवर शेती केली, कारण दुसरा घेण्याची ऐपत नव्हती. तो भंगारात गेला त्या वर्षी त्यांनी पहिली प्रतिकृती विकत घेतली, दुसऱ्याच एका ट्रॅक्टरची. त्या विशिष्ट ट्रॅक्टरची प्रतिकृतीही बाजारात मिळते. पाहुण्यांनी ती दोनदा भेट म्हणून आणली आणि दोनदा परत नेली. “कपाट अपुरे आहे, असे जाणकार म्हणतात,” आजोबा म्हणाले. “त्यांना मी अपुरे का ते सांगतो.” गावातील कोणताही मुलगा ट्रॅक्टर चालविण्याच्या वयाला आला की त्याला या कपाटासमोर आणण्याची रीत पडली होती. आजोबा एकेक प्रतिकृती त्याच्या हाती देत, आणि रिकाम्या जागेपाशी आले की थांबत.

३२,७६८ व्या हिश्शाचे गणित आमच्या मनात का रुतले, ते आता सांगण्याची गरज नसावी. निघताना आजोबांनी आम्हांस एक लहानसा लान्झ बुलडॉग दिला. त्याचे स्टीअरिंगचे चाक खरोखरच उपसून निघते.

आजोबा २०१७ साली वारले. नातीच्या पत्रावरून कळले की कपाट मोडले आणि प्रतिकृती लिलावात विखुरल्या. व्यापाऱ्याने मूळ खोकी नाहीत म्हणून किंमत पाडून मागितली. संग्राहकांच्या जगात हा मोठा दंडक आहे. प्रतिकृती खोक्यातून कधीच काढलेली नसेल तर तिचे मोल अधिक. या दंडकाविषयी आमचे मत चांगले नाही. जी वस्तू कोणी पाहिली नाही, हाती घेतली नाही, जिच्याविषयी कोणाला काही सांगितले नाही, ती सांभाळली असे म्हणणे आम्हांस जड जाते.

अमेरिकेतील आयोवा राज्यात डायर्सव्हिल नावाचे एक छोटे गाव आहे. फ्रेड अर्टल नावाच्या कामगाराने १९४५ मध्ये जवळच्या डब्यूक शहरात, स्वतःच्या घरी, युद्धातून उरलेल्या विमानांचे ॲल्युमिनियमचे पिस्टन वितळवून वाळूच्या साच्यांत ट्रॅक्टरच्या प्रतिकृती ओतण्यास आरंभ केला. पुढे ट्रॅक्टर कंपन्यांनी आपले मूळ आराखडे त्याला दिले, विक्रेत्यांच्या दुकानांत खऱ्या ट्रॅक्टरसोबत त्या विकल्या जाऊ लागल्या, आणि १९५९ मध्ये कारखाना डायर्सव्हिलला आला. १९८६ पासून तेथे शेतीच्या खेळण्यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. बाप लाल ट्रॅक्टर घेई आणि पोराला तसाच लाल, सोळाव्या हिश्शाचा मिळे. बापाची शेती गेल्यावर पोराकडे उरला तो सोळावा हिस्सा. अमेरिकेतील हा छंद मुख्यत्वे अशा पोरांचा आहे, श्रीमंत शौकिनांचा नव्हे, म्हणून तो आम्हांस जवळचा वाटतो. त्या गावावर दोन उंच मनोरे दिसतात. ती संत फ्रान्सिस झेवियर यांची बॅसिलिका! जर्मन शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली. ज्यांचे पवित्र अवशेष जुन्या गोव्यात आहेत, त्यांच्या छायेत जगातील लहानग्या ट्रॅक्टरांची राजधानी वसावी, हा योगायोग आमच्या गोमंतकीय वाचकांना आवडेल.

जुन्या ट्रॅक्टरांच्या रूपाविषयी एक सांगून आवरते घेतो. त्यांचे सौंदर्य पुष्कळसे त्यांच्या उघडेपणात आहे. लोखंडी बैठक, चाक, वर आभाळ. परंतु ट्रॅक्टर उलटला की त्या आभाळातून काहीच आड येत नाही. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या संरक्षणाची भक्कम चौकट सक्तीची केली आणि उलटलेल्या ट्रॅक्टरखालील मृत्यू तेथे झपाट्याने घटले. चौकटीचा ट्रॅक्टर दिसायला बेढब, असे संग्राहक म्हणतात. म्हणोत बापडे.

आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला ट्रॅक्टर-ट्रॉलीतून जातात. ट्रॉलीत दाटी झाली की मुले मोठ्या चाकाच्या मडगार्डवर बसतात, आणि तरुण चालकांना त्यात काही वावगे दिसत नाही. म्हणून गेली काही वर्षे मे महिन्याच्या शिबिरात आम्ही एक तास ट्रॅक्टरांसाठी ठेवतो. चौदाही प्रतिकृती चटईवर मांडतो, मुलांच्या हाती देतो, आणि बव्हेरियातील आजोबांची हकीकत सांगतो. दोघांची चाके निखळली, एकाचे धुराडे मोडले. त्याला इलाज नाही.

गेल्या वर्षी तास संपल्यावर दहा वर्षांचा एक मुलगा मागे रेंगाळला. त्याच्या एका हातात बुलडॉग होता, दुसऱ्या हातात स्टीअरिंगचे चाक, आणि चेहरा रडवेला. “फादर, तुटलं,” तो म्हणाला. आम्ही त्याला फ्लायव्हीलमधील बारीक भोक दाखविले आणि चाक तेथे खुपसून झोका देण्यास सांगितले. त्याने तसे केले. तोंडाने धडधड करीत चाक काढून जागेवर बसविले, पुन्हा उपसले, पुन्हा खुपसले. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी त्याने चाक मुद्दाम उलट दिशेने फिरविले, आणि गिअर टाकण्यापूर्वी चटईवर पालथे पडून ट्रॅक्टरच्या मागे कोणी उभे नाही ना, हे पाहून घेतले.